आपला दात आपण पास करायचा नाही

३ फेब्रुवारी, मंगळवार

ही डायरी गेल्या वर्षीची आहे. पावडर विकणाऱ्या कंपनीनं फुकट दिलेली, कोरी राहिलेली. छापलेले वार सगळे एका दिवसानं मागे आहेत. मीही मागेच आहे, त्यामुळे आमचं जमेल.

लेक फोनवर म्हणाली, "आई, काहीतरी लिहीत जा गं, मन मोकळं होईल." मन मोकळंच आहे. भाडेकरू सोडून गेलेल्या खोलीइतकं मोकळं. पण "लिहिते" म्हटलं की ती दुसऱ्या विषयावर जाते, म्हणून लिहिते.

आज डॉक्टरीणबाईंनी आणखी एक कॅप परत पाठवली. फोनवर म्हणाल्या, "आकार छान आहे हो, बसतेय पण अगदी घट्ट. फक्त दात मेल्यासारखा वाटतो." मी म्हटलं, "चिनी मातीचा आहे, कधी जिवंत होता?" त्या हसल्या नाहीत.

मी दात करते. लोकांना वाटतं, दात डॉक्टर करतात. डॉक्टर बसवतात. करतो आम्ही, मागच्या गल्लीतल्या एका खोलीत, पावडर पाण्यात कालवून, ब्रशानं थरावर थर देत, भट्टीत भाजून. परक्या तोंडात आयुष्यभर राहायचं आणि बाहेरून आलोय हे कोणाला कळू द्यायचं नाही, ही आमच्या दाताची अट. सासरी नांदल्यासारखंच.

खोलीतली ट्यूबलाइट बदलून घेतली. दोष तिचाच असणार.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

भाऊजी आले होते. माझे धाकटे दीर. त्यांचा भाऊ, म्हणजे माझा नवरा, गेल्यापासून ते आमच्या घराचे कर्ते पुरुष झालेत आणि ते पद त्यांना मानवलंय, थोडे भरलेतही. त्यांनी माझ्या भट्टीला गिऱ्हाईक शोधलं आहे. एक तरुण लॅबवाला, संगणकावर दात कातून काढतो. वरच्या रंगापुरती त्याला भट्टी हवी. महिनाअखेरीस येऊन घेऊन जाईल.

"वहिनी, किती दिवस त्या खोलीत एकट्या बसणार? लेकीकडे जा. आराम करा."

आराम हा शब्द लोक अशा सुरात म्हणतात की पांघरूण डोक्यावरूनच ओढून घ्यावंसं वाटतं. मी "बरं" म्हटलं. हल्ली मी सगळ्यालाच बरं म्हणते. माणसं लवकर उठून जातात.

नवरा जाऊन सहा-सात महिने झाले. न्हाव्याच्या खुर्चीत गेला, अर्धी दाढी झालेली असताना. भेटायला येणारे म्हणायचे, भाग्यवान माणूस, काही त्रास झाला नाही. न्हाव्याला झाला. तो बिचारा त्या दिवशी ओक्साबोक्शी रडत होता. मी रडले नाही. मी लोकांना चहात साखर किती ते विचारत होते.

१० फेब्रुवारी, मंगळवार

मेण कापायच्या तापल्या सुरीनं बोट भाजलं. कळलं ते वासावरून. काय करपतंय म्हणून बघितलं, तर मीच.

आणखी दोन कॅपा परत. वेगवेगळ्या दवाखान्यांतून, तक्रार एकच. ट्यूबलाइट बदलली, पावडरीचा नवा डबा फोडला, भट्टीचं तापमान तपासून घेतलं. आता खोलीत बदलण्यासारखी फक्त मी उरले आहे.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

दुपारी फोन. "वन्सं, मी बोलतेय."

"राँग नंबर. मला भाऊ नाही."

"अहो, मी! तुमच्या सुळ्याची बायको."

मी आणि सुळ्या एकाच लॅबमध्ये शिकलो, एकाच टेबलाशी. तो उंच, टोकदार, कोणाच्याही मध्ये घुसणारा, म्हणून सुळा. मी सगळ्यांच्या शेवटी आले आणि आल्या आल्या सगळ्यांना दुखायला लागले, म्हणून अक्कलदाढ. तिथल्या मालकांचा एक नियम होता: आपला दात आपण पास करायचा नाही. आपल्या हातचं आपल्याला सवयीनं बरंच दिसतं. म्हणून भट्टीतून निघालेला दात शेजाऱ्यापुढे ठेवायचा. त्यानं एक नजर टाकायची, मग टेबलावरच्या निळ्या फडक्याकडे बघून डोळे निववायचे, मग पुन्हा एक नजर. आणि म्हणायचं "हो" किंवा "नाही". कारण विचारायचं नाही. माझे दात सुळ्या बघायचा, त्याचे मी. कित्येक वर्षं आम्ही एकमेकांना "नाही" म्हणत होतो. त्यात प्रेमाबिमाचा काही संबंध नव्हता. त्याला माझा आवाज सोसत नव्हता आणि मला त्याची मिशी.

मग लग्नं झाली, लॅबा वेगळ्या झाल्या. भांडण काही झालं नाही. त्याच्या बायकोनं काही म्हटलं नाही, माझ्या नवऱ्यानंही काही म्हटलं नाही, आणि आम्हा दोघांना ते अगदी स्पष्ट ऐकू आलं. नवरा गेला तेव्हा तो आला होता. दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ उभा राहून गेला.

आणि आता ही मला वन्सं म्हणते. नवऱ्याच्या बहिणीचं हे पद वीस वर्षांपूर्वी मंजूर केलं असतं, तर किती माणसांची सोय झाली असती.

"वन्सं, ह्यांनी लॅब बंद केली हो. सगळे आता मशीनवर करतात म्हणे. तेव्हापासून घरात बसून माझं डोकं खातात. काल दोरीवरचे शर्ट उजेडात धरून बघत होते. म्हणे, कॉलरीला राखट झाक आहे. मी तो ओला शर्ट तोंडावर फेकला. तुमच्याकडे काही काम असेल तर घेऊन जा ह्यांना. संध्याकाळपर्यंत ठेवलंत तरी चालेल."

मी "बरं" म्हटलं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

सुळ्या आला. डबा, चष्मा आणि स्वतःचा ब्रश घेऊन. शाळेचा पहिला दिवस असावा तसा.

"मिशी कुठाय?" मी विचारलं.

"पांढरी झाली. काढली."

"तेव्हाच काढायची होतीस."

"तेव्हा तू कुठं काय म्हणालीस?"

"रोज 'नाही' म्हणत होते. तुला वाटायचं, दाताला म्हणते."

तो हसला. मला हसू आलं नाही, पण कुठं यायला हवं होतं ते कळलं. बऱ्याच दिवसांत तेवढंही झालं नव्हतं.

नवऱ्याबद्दल तो काही बोलला नाही. ब्रश पाण्यात बुडवत एवढंच म्हणाला, "तुझे दात आता कोण बघतं?"

"मीच."

"आणि आधी?"

"आधी नवरा. संध्याकाळी न्यायला यायचा तेव्हा त्याच्यापुढे धरायची. त्याला रंगातलं ओ की ठो कळत नव्हतं. दाताकडे बघायचासुद्धा नाही. माझ्या तोंडाकडे बघायचा आणि 'झकास' म्हणायचा, नाहीतर म्हणायचा, 'दमलीस, उद्या पुन्हा कर.'"

"मग कळत होतं की त्याला," सुळ्या म्हणाला.

मी त्याला पॉलिश करायला बसवलं. उगाच बडबड नको.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

लेकीचा फोन. भाऊजींनी तिच्या कानावर घातलेलं दिसतंय.

"आई, तुझ्याकडे कोणीतरी येतात म्हणे रोज."

"सुळ्या."

"कोण आहेत ते?"

"मित्र."

"मित्र म्हणजे?"

"म्हणजे मित्र. तुझे बारा आहेत, मी कधी विचारलं?"

मग अगदी हळुवार आवाजात म्हणाली, "आई, तुला कोणाची सोबत वाटत असेल ना, तर माझी काही हरकत नाही हं." मुलीनं मला परवानगी दिली. कशाची, ते सांगितलं नाही. मी "बरं" म्हटलं.

सुळ्याला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ खोकत होता. म्हणाला, "माझ्या बायकोला सांगतो. तिला दोन दिवस हसायला पुरेल."

भट्टी विकायची ठरली आहे, हे त्याला अजून सांगितलेलं नाही. विषय निघाला नाही. काढायचा कोणी, हा प्रश्न आहे.

२३ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टरीणबाई स्वतः आल्या. त्या कधी येत नाहीत. आमच्या गल्लीत त्यांच्या गाडीला वळायला जागा नाही. एका शिक्षिकेचा साचा आणलाय. पुढचा, मधला, एकच दात. आमच्या धंद्यात याहून अवघड काम नाही. दोन्ही दात नवे करायचे तर दोघांना मिळून खोटं बोलता येतं. एकच असला तर शेजारी खरा उभा असतो.

"रागावू नका," त्या म्हणाल्या, "पण हा जमला नाही तर मी पुढची कामं मशीनवाल्याकडे देणार. पेशंटसमोर मला तोंड दाखवायला जागा उरत नाही."

"बरं," मी म्हटलं.

त्या गेल्यावर सुळ्या म्हणाला, "बरं काय? त्यांची कामं गेली तर तुझ्याकडे राहिलं काय?"

"नाही तरी भट्टी शनिवारी जायची आहे."

विषय निघाला एकदाचा. सुळ्यानं चष्मा काढला, पुसला, घातला. "मला इथं आठवडाभर पॉलिश करायला लावलंस आणि हे आज सांगतेस?"

"तुला पगार थोडाच देते."

"अक्कल," तो म्हणाला (आख्खं 'अक्कलदाढ' म्हणायला त्याला पूर्वीही आळसच होता), "भट्टी गेली तर तू काय करणार?"

"आराम."

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जसं आम्ही तडा गेलेल्या कॅपकडे बघतो. आधी बोटावर फिरवून, कुठून कुठपर्यंत गेलाय ते.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

सुळ्यानं विचारलं, परत आलेल्या कॅपा फेकल्या का? फेकल्या नव्हत्या. त्यानं निळं फडकं पसरून त्या सगळ्या ओळीनं मांडल्या. ज्याच्या त्याच्या रंगाचा नमुना शेजारी ठेवला. मग मला बोलावलं.

"बघ."

"काय बघू? राखाडी आहेत. मला माहितेय."

"राखाडी नाहीत. नीट बघ. ही तरुण पोराची, ही म्हाताऱ्याची, ही एका पानवाल्याची. नमुने सगळे वेगळे, आणि तू केलेला रंग सगळ्यांचा एकच. मुळाशी पिवळट, पोटात राखट, टोकाला निळसर. चुकलेला रंग दर वेळी वेगळा चुकतो. हा चुकलेला नाही. हा कोणाचा तरी आहे."

"पावडर खराब असेल."

त्यानं फडक्याची घडी घालता घालता विचारलं, "घरात तुझ्या नवऱ्याचा हसतानाचा फोटो आहे का?"

"तोंड मिटून हसायचा तो. तुला आठवत नाही? लहानपणी झोपाळ्याच्या दांडीवर आपटला होता, पुढचा दात मेला होता. मी जन्मभर मागे लागले, कॅप करून देते म्हणून. म्हणायचा, घरात एक तरी दात तुझ्या हातातून सुटू दे."

"आठवतो," सुळ्या म्हणाला. "तुझ्या लग्नात माझ्याशी बोलताना विसरून हसला होता."

कशाला विचारलं कोण जाणे. माणसं दात सोडून वाटेल ते बोलतात. कॅपा डबीत भरून घरी आणल्या. तिथं ठेवल्या असत्या तर सुळ्यानं पुन्हा मांडल्या असत्या.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

शिक्षिकेचा दात. पहिल्यांदा केला, सुळ्यानं "नाही" म्हटलं. दुसऱ्यांदा केला, "नाही".

तिसऱ्यांदा थर देत होते. नमुना समोर होता. नमुन्यांच्या पट्टीवरचा तो रंग मला पाठ आहे: उजळ, जरासा गुलाबीकडे झुकणारा, टोकाला पाणीदार. हात चालला होता. सुळ्या शेजारी बसला होता. एरवी काम चालू असताना शेजाऱ्यानं बघायचं नसतं. तो बघत होता. माझा ब्रश राखाडीच्या बाटलीकडे गेला. मी बाटलीकडे बघितलंही नव्हतं. हात आपला आपण गेला, जिन्याच्या दिव्याच्या बटणाकडे अंधारात जातो तसा.

सुळ्यानं त्याच्या ब्रशाचा दांडा माझ्या मनगटावर ठेवला. जोरात नाही.

"तो त्याचा," म्हणाला. "हा हिचा."

मी ब्रश ठेवला. हात धुतले. मग त्याला म्हणाले, "चालता हो."

"अक्कल..."

"माझ्या खोलीतून चालता हो. आठ दिवसांत मोठा शहाणा झालास. घरी जाऊन बायकोनं धुतलेले शर्ट बघ."

त्यानं डबा घेतला, चष्मा घेतला आणि गेला. ब्रश टेबलावर राहिला.

घरी येऊन डबीतल्या कॅपा काढल्या. एक बोटाच्या टोकावर बसवून खिडकीशी धरली. तो अगदी तसाच दात होता. इतका चांगला दात मी आयुष्यात केला नव्हता. नवरा हयात असताना त्यानं करू दिला नाही, आणि आता मी भेटेल त्याच्या तोंडात बसवत सुटले होते. त्या पानवाल्याच्यासुद्धा.

रडू येईल असं वाटलं. वाट बघितली. नाही आलं. भात लावला.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी सुळ्याच्या बायकोचा फोन.

"वन्सं, काय केलंत ह्यांना? कालपासून शर्टाकडेसुद्धा बघत नाहीत."

"मी हाकललं."

"का हो?"

"खरं बोलला."

"अगंबाई." मग थोडं थांबून, "वन्सं, एक सांगू? तेव्हा मी काही म्हटलं नव्हतं तुम्हाला. पण न म्हणता म्हटलं होतं. तुमच्याकडून घरी आले की हे माझ्यावर कधी चिडायचे नाहीत. चिडायचं सगळं तुमच्याकडे संपवून यायचे. तेच मला डाचायचं. आता वाटतं, संपवून येऊ देत. तुमच्याकडे तेवढी जागा आहे."

"बरं" म्हणायला तोंड उघडलं आणि ते निघालं नाही. म्हटलं, "बघते."

दिवसभर दात केला. चौथ्यांदा. राखाडीची बाटली कपाटात वरच्या फळीवर, हात पोचणार नाही अशी ठेवली. तरी दोनदा हात गेला. दोनदा परत आणला. संध्याकाळी थर पूर्ण झाले. उद्या भाजायचा.

उद्या ते लोक येणार आहेत.

२८ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी जाऊन दात भट्टीत लावला आणि सुळ्याला फोन केला.

"दात बघायला ये."

"कोण बोलतंय?"

"नाटकं नकोत. आपला दात आपण पास करायचा नाही."

"मला तर शहाणा म्हणून हाकललंय."

"येताना शहाणपण घरी ठेव. डोळे घेऊन ये."

फोन ठेवायच्या आत मागून त्याच्या बायकोचा आवाज आला, "डबा भरलाय, न्या."

त्याच्या आधी भाऊजी पोचले. सोबत तो तरुण लॅबवाला आणि भट्टी उचलायला आणलेला हमाल. लॅबवाल्यानं पायातले बूट बाहेर काढले, हे मला आवडलं. भाऊजींनी काढले नाहीत.

"वहिनी, झालं ना सगळं? प्लग काढायचा का?"

"हात लावू नका. आत दात आहे."

"किती वेळ?"

"दाताला लागेल तेवढा."

तरुण लॅबवाला म्हणाला, "भाजताना मध्येच बंद केली तर तडा जातो, काका. थांबू आपण." भाऊजी एकुलत्या एका खुर्चीत बसले. हमाल पायरीवर बसला. मी सगळ्यांना चहा दिला. साखर विचारली नाही, आपली आपण टाकली.

सुळ्या आला. भाऊजींनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "हे कोण?"

"हे 'नाही' म्हणतात," मी सांगितलं.

भट्टी उघडली. दात निवू दिला. साच्यावर, खऱ्या दाताच्या शेजारी बसवला. तरुण लॅबवाला वाकून बघत म्हणाला, "वा! मॅडम, हा तर ओळखू येत नाही!" भाऊजीही म्हणाले, "उत्तम! चला, शेवट गोड झाला."

मी सुळ्याकडे बघत होते. त्यानं एक नजर टाकली. निळ्या फडक्याकडे बघितलं. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते, हमालसुद्धा. त्यानं पुन्हा एक नजर टाकली.

"नाही," म्हणाला.

"नाही कसं?" भाऊजी उसळले. "अहो, हा माणूस ह्या धंद्यात आहे, तो चांगला म्हणतोय!"

"नाही," सुळ्या म्हणाला. "राखाडी रंग गेलाय. पण बाईचा नाही अजून. घाबरून केलाय. नुसता पांढरा आहे."

मी बघितलं. आणि मला दिसलं. इतके महिने कोणी सांगूनही दिसत नव्हतं, ते दिसलं: दात उजळ होता आणि त्यात कोणीच नव्हतं. मला असा राग आला की कान तापले. सुळ्याचा, दाताचा, त्या न्हाव्याचा, अर्ध्या दाढीनिशी निघून जाणाऱ्या माणसाचा, सगळ्यांचा एकदम.

"भाऊजी," मी म्हटलं, "भट्टी मिळणार नाही. दात पुन्हा करायचा आहे."

"मग सोमवारी येऊ?"

"सोमवारी दुसरा असेल."

"म्हणजे कधी नेऊ हो आम्ही?"

"नेऊच नका."

भाऊजी बरंच काही बोलले. वहिनी हा शब्द त्यात पुष्कळदा आला. तरुण लॅबवाला बूट घालताना हळूच म्हणाला, "मॅडम, माझे दात कधी बघाल का? माझ्याकडे 'नाही' म्हणणारं कोणी नाही." मी म्हटलं, "घेऊन ये. आम्ही दोघं आहोत."

ते गेले. मी स्टुलावर बसून नवी पावडर भिजवायला घेतली. सुळ्या शेजारच्या स्टुलावर पाठ करून बसला, नियमाप्रमाणे. पहिला थर दिला. दुसऱ्या थराला समोरचा नमुना पुसट झाला, मग अख्खा साचाच पुसट झाला. पावडरीत पडू नये म्हणून मान वळवली. आवाज करायचा नव्हता, पण झाला. मग बराच वेळ होत राहिला.

सुळ्यानं वळून बघितलं नाही. खिशातून रुमाल काढून मागच्या मागे, पाठ तशीच ठेवून, माझ्याकडे धरला.

"नाक पूस, अक्कल," म्हणाला. "दात खारट होईल."